कुत्र्याला कच्चं मांस (रॉ डाएट): आपल्या हवेत, आपल्या घरात कितपत जमतं?

कोवळं_ऊन
आमचा गोट्या लॅब्रॅडॉर आहे. अडीच वर्षांचा, वजन ३२ किलो. राहायला ठाण्यात, चौथ्या मजल्यावर. पिल्लू होता तेव्हापासून पिशवीतलं कोरडं खाद्य आणि दुपारी थोडा दहीभात असं चाललंय. गेले काही दिवस मात्र कोरडं खाणं नुसतं हुंगतो आणि बाजूला जाऊन बसतो. दहीभात तेवढा खातो, तोही आता अर्धवट.

त्याला शिकवायला येणारा मुलगा म्हणतो, "ताई, कच्च्यावर टाका. लांडग्याची जात ही, पिशवीतला भुसा कशाला खाईल?" केस चमकतात, दात साफ राहतात, शी कमी होते, असं बरंच सांगतो. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर "अजिबात नको" म्हणाले. दवाखान्यात गर्दी होती, कारण विचारायचं राहिलं.

परदेशातले अनुभव वाचायला भरपूर मिळतात, पण तिकडे पाकीटबंद, गोठवलेलं मांस दुकानात मिळतं. मला आपल्याकडचं ऐकायचंय. भर पावसाळ्यात, चिकनवाल्याच्या ओट्यावरचं मांस कुत्र्याला कच्चं घालणारं इथे कोणी आहे का? काय घालता, कुठून आणता, आणि कुत्र्याची तब्येत खरंच कशी आहे?

जोंधळा
मी घालतो. नाशिक. जर्मन शेफर्ड, मादी, सहा वर्षांची. लहान असताना तिला सारखी खाज यायची, कान वाहायचे. खाद्याच्या पिशव्या बदलून थकलो आणि कच्च्यावर आणली. खाज गेली, कान कोरडे झाले, अंगावर तुकतुकी आली.

आता गणित. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला रोज वजनाच्या दोन ते तीन टक्के. तुमच्या गोट्याला अडीच टक्के धरा, म्हणजे दिवसाला ८०० ग्रॅम. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के चावता येईल असं हाड, ५ टक्के काळीज (यकृत) आणि ५ टक्के गुर्दा, तिल्ली असे बाकीचे अवयव. म्हणजे ६४० ग्रॅम मांस, ८० ग्रॅम हाड, ४० ग्रॅम काळीज, ४० ग्रॅम बाकी. पेटा म्हणजे स्नायू, तो मांसात धरायचा. काळीज स्वस्त मिळतं म्हणून वाढवू नका, जीवनसत्त्व अ जास्त झालं तर तेही बाधतं.

मी पहाटे जातो, कोंबडी समोर कापून घेतो. म्हशीचं मांस ओळखीच्या दुकानातून. घरी आलं की वाटे करून थेट फ्रीझरमध्ये. आदल्या रात्री एक वाटा खाली फ्रिजमध्ये काढून ठेवायचा, ओट्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं, खाऊन झालं की लगेच गरम पाण्याने धुतलं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलायचं.

ही पद्धत मुळात ऑस्ट्रेलियातल्या इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या पशुवैद्याने लोकप्रिय केली, १९९३ साली त्याचं पुस्तक आलं. त्याच्या पद्धतीत भाज्याही असतात. मी घालत नाही.

गव्हाळ
रोज ८०० ग्रॅम? महिन्याला २४ किलो मटण-चिकन? आमच्याकडे जावई आला तरी एवढं येत नाही. :)

तिठा
आमचं गाव लातूरकडे. घरी कायम कारवानी कुत्री होती, आजोबांपासून. ज्वारीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून, कधी कण्या. मांस जत्रेला नाहीतर घरी बोकड कापला तर. तेवढ्यावर ती सशामागे सुटली की दिसेनाशी व्हायची. लांडग्याची जात म्हणून मांसच पाहिजे हे काही पटत नाही बुवा.

वासरी
तिठा, तुमच्या भाकरीला शास्त्राचाही आधार आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. पिष्ट पचवणारं अमायलेझ बनवणारा जो जनुक आहे, त्याच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या दारात राहून, त्याचं उरलंसुरलं खाऊन कुत्रा बदलला. लांडगा त्याचा नातेवाईक आहे हे खरं, पण पोट आता वेगळं आहे.

मात्र पिष्ट पचतं म्हणजे नुसत्या भाकरीवर भागतं असं नाही. गावाकडची कुत्री उंदीर, घुशी, पक्षी, शेतातलं काय काय खातात, ते आपण मोजत नाही. चौथ्या मजल्यावरच्या गोट्याला तेवढंच मिळणार जेवढं ताटलीत पडेल.

जोंधळा
अभ्यास माहीत आहे. पचवू *शकतो* आणि त्याच्यासाठी *उत्तम* यात फरक आहे. पिशवीतल्या खाद्यात निम्मं धान्य असतं ते कुत्र्याच्या भल्यासाठी नाही, स्वस्त पडतं म्हणून.

शिंगोटी
मी पशुवैद्य आहे, पुण्यात छोट्या जनावरांचा दवाखाना आहे. कोवळं ऊन, तुमच्या डॉक्टरांचं कारण सांगायचं राहिलं, ते मी सांगते. जरा मोठं होईल.

पहिली गोष्ट जंतूंची. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर सापडणं ही रोजची गोष्ट आहे. कुत्र्याला त्याचा त्रास होईलच असं नाही, त्याचं पोट बरंच सोसतं. पण तो आजारी न पडताही ते जंतू शीतून बाहेर टाकत राहतो. मग तेच तोंड घेऊन तो तुमच्या मुलांना चाटतो, सोफ्यावर चढतो. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबतो. जोंधळा यांची शिस्त चांगली आहे, पण फ्रीझर म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्चं किंवा अर्धकच्चं मांस देऊ नये असं धोरण घेतलं ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची, आणि हिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, फुफ्फुसात पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतात. खाटीक त्या कापून टाकतो आणि बाहेर बसलेली कुत्री खातात. त्या गाठीत एका फीतकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात, अंडी शीतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात, फुफ्फुसात तशाच गाठी धरतात. हायडॅटिड म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं कळत नाही, आणि कळतं तेव्हा अनेकदा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून मटणाच्या दुकानातलं काळीज, फोफस कुत्र्याला कच्चं घालू नका. उकळून घाला.

तिसरी बर्ड फ्लूची. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत एच५एन१ निघाला. कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय होता. अमेरिकेत त्याच सुमारास कच्चं खाद्य खाऊन घरातली मांजरं मेली. कुत्र्यांना मांजरांइतका धोका दिसलेला नाही, पण होतच नाही असंही नाही. आपल्या देशातली कोंबड्यांमधली पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आली होती, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

मांजरपाट
बाप रे, काळजातल्या गाठींचं माहीत नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरचा खाटीक सोसायटीच्या भटक्या कुत्र्यांना रोज फोफस टाकतो. सगळे कौतुक करतात त्याचं.

शिंगोटी
@मांजरपाट, त्याला सांगून बघा, ऐकतात बरेच जण. गाठी दिसल्या तर पुरायच्या किंवा जाळायच्या, बाकीचं उकळायचं. आणि कुत्र्यांना जंताचं औषध देताना प्राझिक्वांटेल असलेलं द्या, त्या फीतकृमीवर तेच लागू पडतं.

जोंधळा
डॉक्टर, माहितीबद्दल मनापासून आभार. मटणाचं काळीज मी आजपासून शिजवून घालीन. पण दोन गोष्टींवर मी ठाम आहे. एक, पिशवीतलं खाद्य काही गंगाजल नाही. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाईनची भेसळ निघाली, मूत्रपिंडं जाऊन कुत्री-मांजरं मेली. कोरड्या खाद्यातही साल्मोनेला निघालेला आहे. दोन, माझ्या कुत्रीची खाज गेली. ती मी डोळ्यांनी बघतोय.

शिंगोटी
खाज गेली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा प्रश्न एवढाच, की ती *कच्चं* दिल्याने गेली की जुन्या खाद्यातलं काहीतरी बंद झाल्याने? कुत्र्यांना सगळ्यात जास्त ॲलर्जी बीफ, दूध, कोंबडी आणि गहू यांची दिसते. गव्हाची असेल तर तेच मांस शिजवून दिलं असतं तरी गेली असती.

जोंधळा
शक्य आहे. पण चाललेलं बदलायला मन होत नाही.

खडीसाखर
आमचं घर शाकाहारी, कुत्रा (बीगल) नाही. लग्न होऊन आले तेव्हाच तो इथे होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. :) सासूबाईंनी एकच अट घातली, मांस स्वयंपाकघरात येणार नाही. मग मागच्या गॅलरीत छोटा फ्रिज, एका शेगडीची वेगळी चूल, वेगळा कुकर. त्या कुकरला आमच्याकडे 'मोत्याचा कुकर' म्हणतात आणि भांडी घासणाऱ्या मावशींना त्याचे वेगळे पैसे आहेत. कच्चं दिलं असतं तर शेगडीचा खर्च वाचला असता, पण वास आणि माश्या यांनी आम्ही आधी घराबाहेर गेलो असतो.

शाकाहारी घरांनी कुत्र्याला शाकाहारी करू नये, एवढं मात्र कळकळीने सांगते. नुसत्या वरणभातावर ठेवलेली दोन कुत्री आमच्याच इमारतीत आहेत, अंगावर केस राहिले नाहीत त्यांच्या.

वेताळटेकडी
+१. आणि सोसायटीत शेजाऱ्यांनी 'मांसाचा वास येतो' म्हणून तक्रार केली की काय करायचं यावर वेगळा धागा काढा कोणीतरी. माझ्याकडे लिहिण्यासारखं खूप आहे.

बांगडा_तिरफळ
मालवण. आमच्या कुत्र्यांना मासे साफ केले की मुंडी, शेपटी, आतडी. कच्चंच. बांगडा, तारली, मांदेली, जे असेल ते. मस्त आहेत कुत्री. तळलेल्या माशाचे काटे मात्र देत नाही आम्ही.

वासरी
मासा वरचेवर कच्चा देत असाल तर एक ध्यानात ठेवा. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनेझ असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. अधूनमधून दिला तर काही होत नाही, रोजचा आहार तोच असेल तर शिजवलेला बरा. शिजवलं की ते निकामी होतं. आणि सुके बोंबील नको, मीठ फार.

बांगडा_तिरफळ
सुके बोंबील आम्हालाच पुरत नाहीत, कुत्र्याला कुठून देणार!

पाणंद
हाडांचं कोणी सांगेल का नीट? आमच्या घरी तंदुरीची, रश्श्यातली हाडं सर्रास देतात आणि 'कुत्र्याला हाडच लागतं' म्हणतात.

जोंधळा
शिजवलेलं हाड कधीच नाही. ते कोरडं, ठिसूळ होतं, चावलं की सुळ्यासारखे तुकडे निघतात आणि आतडं फाडतात. कच्चं कोंबडीचं हाड लवचीक असतं.

शिंगोटी
पहिल्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. रश्श्यातल्या हाडात वरून कांदा-लसूणही मुरलेला असतो, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्च्या हाडानेही घशात अडकणं, कडक बद्धकोष्ठ होणं घडतं. मटणाची जाड नळी कच्ची असली तरी नको, मागच्या दाढेची कपची उडते.

आणि कोंबडीची कच्ची मान, जी सगळे 'सुरक्षित' म्हणून देतात, तिच्याबद्दल मेलबर्न विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे. मागच्या पायांपासून सुरू होऊन अंगभर लकवा पसरतो असा एक मज्जातंतूंचा आजार आहे. कच्चं कोंबडीचं मांस खाणाऱ्या कुत्र्यांत त्याची शक्यता बरीच जास्त दिसली, आणि त्यामागे कॅम्पिलोबॅक्टर असावा असा निष्कर्ष होता. आजार विरळा आहे, बरीच कुत्री बरीही होतात, पण काही आठवडे-महिने उचलून फिरवावं लागतं.

सातासमुद्री
मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे कच्चं, गोठवलेलं कुत्र्याचं खाद्य साध्या दुकानात मिळतं, खूप लोक घालतात. कोवळं ऊन यांना वाटतंय की तिकडचं मांस तपासलेलं, म्हणून निर्धोक. तर इथल्याच संशोधकांनी आठ ब्रँडची ३५ पाकिटं तपासली होती, २०१८ मध्ये छापून आलं. निम्म्याहून जास्त पाकिटांत लिस्टेरिया, पाचातल्या एकात साल्मोनेला. आणि औषधांना दाद न देणारे ई-कोलाय ८० टक्के पाकिटांत. आम्ही ते वाचून बंद केलं. बायकोला तेव्हा दिवस होते.

गव्हाळ
कोवळं ऊन, यावरून एक विचारायचं होतं. तुमच्या घरात कोण कोण आहे?

कोवळं_ऊन
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. घरी आम्ही दोघं, मुलगी चार वर्षांची आणि सासूबाई. सासूबाईंना आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. गोट्या दिवसभर त्यांच्याच पायाशी असतो.

शिंगोटी
मग तुमच्यापुरता प्रश्न मिटला. मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्ती दबते. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, केमो किंवा असं औषध घेणारा रुग्ण यांपैकी एकही घरात असेल तर कच्चं नको. तुमच्याकडे दोन आहेत.

आता मूळ गोष्ट. तुम्ही लिहिलंय की आधी कोरडं सोडलं आणि आता दहीभातही अर्धवट. लॅब्रॅडॉर खाणं सोडतो तेव्हा मी आधी खाण्याकडे बघत नाही, कुत्र्याकडे बघते. ताप आहे का? हिरड्या पांढुरक्या आहेत का? अंगावर गोचीड? पावसाळा आहे. उद्याच रक्त तपासून घ्या.

तिठा
डॉक्टर बरोबर बोलतात. गोचिडाच्या तापात आमची दोन कुत्री गेली. आधी खाणंच सुटतं.

जोंधळा
याला माझंही अनुमोदन. आजारी कुत्र्याचा आहार बदलू नका, मीही बदलला नसता. आणि सासूबाईंचं ऐकल्यावर मीही तुम्हाला कच्चं सुचवणार नाही. माझ्या घरी मी आणि ती दोघंच.

कोवळं_ऊन
रिपोर्ट आला. प्लेटलेट्स खूप कमी, एर्लिकिया (गोचिडातून येणारा जंतू) निघाला. डॉक्सीसायक्लिन चार आठवडे द्यायचंय. कानाच्या आत, घडीत, दोन गोचीड सापडले. @शिंगोटी, तुम्ही विचारलं नसतं तर मी या आठवड्यात चिकनवाल्याकडे उभी असते. कसे आभार मानू कळत नाही.

मांजरपाट
लवकर बरा होवो गोट्या! आणि आमच्या खाटकाशी बोलले. त्याला गाठी माहीत होत्या, कशाच्या ते माहीत नव्हतं. आता उकळतो म्हणालाय, पातेलं आम्ही सोसायटीतून दिलंय.

शिंगोटी
फार छान, मांजरपाट!

कोवळं_ऊन
गोट्या आता खायला लागलाय. सगळं घरचं शिजवून द्यावं असं वाटतंय. नुसतं चिकन-भात-गाजर चालेल?

शिंगोटी
काही दिवस चालेल, कायमचं नाही. कच्च्याला मी नको म्हणते म्हणून घरचं शिजवलेलं आपोआप बरोबर होतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० पाककृती तपासल्या होत्या, २०१३ साली. ९५ टक्क्यांत एकतरी आवश्यक घटक कमी निघाला.

मुख्य चूक कॅल्शियमची होते. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. जोंधळा हाड घालतात तेव्हा ते भरून निघतं, तुम्ही हाड घालणार नाही. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मिक्सरवर अगदी पिठासारखं करा. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. रोज किती घालायचं ते बाकीच्या आहारावर ठरतं, म्हणून अंदाजाने सुरू करू नका. जस्त, आयोडिन, ड जीवनसत्त्व यांचंही पाहावं लागतं. तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, किंवा सोपा मार्ग, अर्ध्याहून जास्त पूर्ण आहार म्हणून मिळणारं तयार खाद्य आणि वरून थोडं शिजवलेलं चिकन, अंडं, भोपळा. मीठ-मसाला नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका अजिबात नाही.

पाणंद
डॉक्टर, माझं ग्रेट डेनचं पिल्लू आहे, तीन महिन्यांचं. त्याला पण हे कवचाचं पीठ घालू का? हाडं मजबूत होतील म्हणून सगळे कॅल्शियमचं सिरप द्या सांगतात.

शिंगोटी
@पाणंद, नको! मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडणं जेवढं वाईट तेवढंच जास्त होणंही. जादाचं कॅल्शियम त्या वयात त्याला अडवता येत नाही, पाय वाकडे होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असलेलं खाद्य देत असाल तर वरून काहीही घालू नका, सिरप आजच बंद करा. आणि नुसत्या मांसावर असेल तर ते आणखी वाईट, हाडं इतकी पातळ होतात की उडी मारताना मोडतात. सध्या काय काय खातो ते वजनासकट लिहा, बघते.

पाणंद
सिरप बंद केलं. उद्या सकाळी वजन करून सगळं लिहितो.